बुधवारची जेवणं

डाग कसला आहे हे ओळखायला तिला कधी वेळ लागत नसे, आणि त्या गुरुवारीही लागला नाही. वेळ लागला तो शर्ट आपल्याच नवऱ्याचा आहे हे पटवून घ्यायला. लाँड्रीच्या मागच्या खोलीत तिचं टेबल होतं, त्यावर मान वाकवता येणारा दिवा, डझनभर बाटल्या, वाफेची नळी आणि डाग खरवडायची बोथट पट्टी. सतरा वर्षं ती त्या टेबलापाशी उभी होती. पुढे काउंटरवर लोक कपडे टाकून जात, आणि ज्याचं नुसत्या धुण्याने भागणार नाही तो कपडा आत तिच्याकडे येई. गुरुवारी कामावरच्या माणसांना घरचे दोन कपडे आणायची मुभा होती, आणि ती दर गुरुवारी नवऱ्याचे दोन शर्ट आणी, स्वतःचं काही कधी आणत नसे. त्यातल्या निळ्या शर्टाच्या उजव्या बाहीवर, आतल्या अंगाला, बोटभर लांबीचा ओघळ होता. तिने सवयीने त्यावर नख फिरवलं. नखाखाली पांढरट भुगा आला. खाण्याचं तेल थंडीत असं गोठत नाही, ते कापडात पसरत जातं आणि कडेला पिवळं पडतं. ही चरबी होती, जनावराची. आणि तिच्या घरात अकरा महिन्यांत मांसाचा तुकडा शिजला नव्हता.

"काय डॉक्टरीणबाई, पेशंट दगावला की काय?" पलीकडून इस्त्रीवाल्याने विचारलं. तिला डॉक्टरीण म्हणणारा तो एकटाच, आणि तो विनोद त्याला सतरा वर्षांत शिळा वाटला नव्हता. "नाही, जुनं दुखणं आहे," ती म्हणाली आणि दिवा आणखी खाली ओढला. कुणाच्या तरी डब्यातलं सांडलं असेल, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. कचेरीत चार माणसं एका टेबलाशी जेवतात, कुणाचा हात लागतो, कुणाची वाटी कलंडते. पण सांडलेलं वरून पडतं आणि त्याचा थेंब होतो. हा ओघळ मनगटाकडून कोपराकडे गेला होता. म्हणजे कोपर खाली होतं आणि हात तोंडाशी होता, आणि हातात असं काहीतरी होतं की जे दोन्ही बाजूंनी धरून, दातांनी ओढून खायचं असतं. हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तेवीस वर्षं तिने त्याला तसं खाताना समोर बसून पाहिलं होतं. जेवताना तो बाह्या सारायचा नाही, सासूबाई ओरडायच्या तरी नाही, आणि लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने ह्याच जागेवरचा ओघळ काढला होता. तेव्हा ती लाँड्रीत नव्हती. तेव्हा तिला एवढंच कळलं होतं की आपला नवरा मनापासून जेवतो.

सासूबाईंनी तिला स्वयंपाक शिकवला तो सगळा मांसाचा. भाज्या त्यांच्या लेखी फक्त पातेल्याचा तळ झाकायला होत्या. तुकडे कोरडे करून घे, गर्दी करू नकोस, रंग आल्याशिवाय हलवू नकोस, आणि घाई असेल तर दुसऱ्याच्या घरी जाऊन कर, असं त्या म्हणत. त्या गेल्या तेव्हा त्यांचं जड बुडाचं पातेलं तिच्याकडे आलं, आणि दीरही. दीर म्हणजे नवऱ्याचा धाकटा भाऊ, मालाची व्हॅन चालवणारा, लग्न न केलेला, तोंडाने सुटलेला आणि ताटाला पक्का. संध्याकाळी तिघं आणि मुलगी असे चौघं बसले की त्या घरात बोलण्यापेक्षा चोखण्याचा आवाज जास्त असे. नवरा नळीचं हाड ताटावर आपटायचा, आतला मगज निघेपर्यंत आपटायचा, आणि खालच्या मजल्यावरची म्हातारी एकदा वर येऊन विचारून गेली होती की तुमच्याकडे सुतारकाम किती दिवस चालणार आहे. त्यावर ते सगळे इतके हसले होते की मुलीला ठसका लागला होता. तिला ते हसणं टेबलापाशी उभ्या उभ्या ऐकू आलं. तिने बाटलीचं बूच काढलं आणि परत लावलं.

नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. इमारतींच्या पोटातल्या अंधाऱ्या विहिरीत दोरांना लटकून त्याने आयुष्य काढलं, आणि दुखणं उठलं तेही तिथेच, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे. जोडीदाराने दार फाकवून त्याला ओढून काढलं, आणि पुढे कंपनीने त्याला कचेरीत बसवलं. दवाखान्यात डॉक्टरांनी पडद्यावर त्याचं हृदय दाखवलं, शेवाळल्या पाण्यातल्या बेडकासारखं काहीतरी हलत होतं, आणि सांगितलं की हे आता शंभरातलं पस्तीसच चालतंय. मांस बंद. मीठ कमी. आणि पोटाला तडस लागेल एवढं कधी खायचं नाही, भरल्या पोटाचा भार ह्याच्यावर येतो. मग ते तिला म्हणाले, तुम्ही खाली जाऊन कागदांवर शिक्का घेऊन या, आणि नवऱ्याला आत थांबवून घेतलं. ती शिक्का घेऊन आली तेव्हा तो बाकावर बसून बुटाची नाडी बांधत होता. काय म्हणाले, तिने विचारलं. "तू सांगशील तसं वागायचं म्हणाले," तो म्हणाला. तिला त्याचा केवढा धीर वाटला होता. आपल्या हातात काहीतरी दिलं गेलं आहे, असं तिला वाटलं होतं.

पहिले तीन आठवडे हाल होते. घरात एकाला वेगळं आणि बाकीच्यांना वेगळं करायचं नाही, हे तिनेच ठरवलं होतं. त्याने समोर पाहत आवंढे गिळायचे आणि आपण चापायचं, हे तिला जमणारं नव्हतं. ती उकडलेले घेवड्याचे दाणे करी, भोपळा करी, आणि टेबलाशी फक्त चमच्यांचे आवाज येत. नवरा औषध घेतल्यासारखा निमूट जेवे. मुलगी ताटात रेषा ओढत बसे. दीर म्हणाला, "वहिनी, हे काय आहे ते सांगू नका, फक्त किती उरलंय ते सांगा." सगळे हसले, ती पण हसली, आणि भांडी घासताना तिला रडू फुटलं. कारण ते उपाशी उठत होते. पोट भरलेलं असून उपाशी उठत होते, आणि उपाशी माणूस किती दिवस ऐकेल हे तिला कळत होतं. मग एक दिवस ह्याच टेबलापाशी तिला सुचलं. कुठलाही डाग एकसंध नसतो. त्यात तेल असतं, रंग असतो, चिकट असतं, जळकं असतं, आणि एकेकाला वेगळं औषध लागतं. मांसही तसंच असणार. ह्या माणसांना जनावर नको आहे, त्यांना चावायला काहीतरी हवं आहे, कडेला करपलेलं हवं आहे, ओठांना चिकटेल असा रस हवा आहे आणि हाताला थोडं काम हवं आहे. एकेक करून ती ते जमवायला लागली. मशरूम कोरड्या तव्यावर पाणी आटेपर्यंत परतायचे, वर दुसरा जड तवा दाबून. वांग्याच्या जाड चकत्यांना काळपट कडा येईपर्यंत हात लावायचा नाही. कांदा लाल नव्हे, तपकिरी होऊ द्यायचा. मसूर अर्धवट वाटून त्यात अक्रोडाचा चुरा घालायचा म्हणजे दाताखाली काहीतरी लागतं. सासूबाईंचं सगळं शास्त्र तिने भाज्यांना लावलं, आणि त्या असत्या तर त्यांनी तिला वेड्यात काढलं असतं.

आणि एका बुधवारी ते साधलं. मसूर-मशरूमचे गोळे, तपकिरी दाट रस्सा, खाली वांगी. तिघंही त्या दिवशी बाहेरून एकदमच आले होते, कारण डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं आणि दिराने दादाला कामावरून उचलून, मुलीला तिच्या चष्म्याच्या दुकानातून घेऊन, बागेत फिरवून आणायचं मनावर घेतलं होतं. तोंडावर तकाकी होती तिघांच्याही. ते सावकाश जेवले. कुणी रेषा ओढल्या नाहीत. नवऱ्याने दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि म्हणाला, "आता काही कमी वाटत नाही." एवढंच. पण तिला वाटलं की आपण त्याला विहिरीतून हात धरून वर काढला आहे. तेव्हापासून दर बुधवारी तेच. पुढे ते शनिवारीही फिरायला जायला लागले, तेव्हा शनिवारीही काहीतरी विशेष. त्या दोन दिवशी ते हमखास पोट भरून उठत. बाकीचे दिवसही मग सुसह्य झाले. शेजारणींनी तिला कृती विचारल्या, आणि तिने अभिमानाने, हातचं काही न राखता सांगितल्या.

तपासणीचा आकडा मात्र उतरत गेला. पस्तीसचे तेहेतीस झाले, मग अठ्ठावीस. दर वेळी ती कागद घेऊन ह्याच दिव्याखाली आली होती आणि आपलं काय चुकतंय ते शोधत राहिली होती. रश्श्यात तेल जास्त पडतं का? अक्रोड बाधतो का? तिने मीठ इतकं कमी केलं की तिला स्वतःला घास उतरेना. मग तिने आपल्यालाही शिक्षा लावून घेतल्यासारखं केलं. लाँड्रीत कुणी वाढदिवसाला काही आणलं तरी त्यातला मांसाचा तुकडा तिने तोंडात घातला नाही. तिलाही आवडत असे. त्याच्याइतकंच आवडत असे, फक्त ती ते आवाज न करता खायची. टेबलावरचा शर्ट कालचा होता, बुधवारी तिघं फिरून आले तेव्हा अंगात होता तोच. त्याच्याकडे बघताना आता तिला कळलं की त्या घरात मांस सोडलेलं माणूस एकच होतं. तिला राग यायला हवा होता. तो आला नाही. चरबीला कोमट पाणी लागतं. तिने ते केलं, ओघळ काढला, बाही वाळवली आणि शर्ट इस्त्रीवाल्याकडे टाकला. तो म्हणाला, "बरा झाला का पेशंट?" ती म्हणाली, "हो, डाग गेला."

संध्याकाळी मुलगी लवकर आली. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणाली, आणि न सांगता कांदा चिरायला बसली. वीस वर्षांची, बापाच्या वळणावर गेलेली, तसेच रुंद पंजे. आईने गॅसपाशी पाठ वळवूनच विचारलं, "बुधवारी फिरायला कुठं जाता गं?"

"बागेत."

"बागेत काय मिळतं?"

सुरी थांबली. तिने वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मुलीने खोटं बोलायचा प्रयत्न केला असता, आणि तो बघायची तिची तयारी नव्हती. "आई," मुलगी म्हणाली, "बाबांनी शपथ घातली होती." मग ती बोलत गेली, कांद्याकडे बघत, डोळे पुसायला कांद्याचं निमित्त होतंच. व्हॅनच्या डेपोमागे एक खाणावळ आहे. काका तिथे नेतात. आधी बुधवारीच, मग शनिवारीही. बाबा तिथे हसतात. खूप हसतात, आई, पूर्वीसारखे.

"कधीपासून?"

"तो बुधवार नव्हता का, तू पहिल्यांदा ते गोळे केलेस."

तिने गॅस बारीक केला. तो आधीच बारीक होता. ज्या जेवणाने तिने माणसं जिंकली असं तिला वाटलं होतं, त्या जेवणाला माणसं भरल्या पोटी बसली होती. काही कमी वाटत नव्हतं हे खरंच होतं. कुठून वाटणार? आणि ती दहा महिने ते गोळे सुधारत बसली होती, कधी अक्रोड वाढव, कधी कांदा जास्त तपकिरी कर, आणि दर बुधवारी ते जमत होतं, दर बुधवारी.

"मग घरी येऊन पुन्हा का जेवायचात?"

"बाबा म्हणाले, आईनं केलंय. ताटात टाकायचं नाही. काकांनी एकदा पोट धरलं तर त्यांना जिन्यातच दटावलं."

"त्यांना पोटभर खायचं नाही, हे माहीत होतं तुला."

"होतं," मुलगी म्हणाली. "पण आई, डॉक्टरांनी बाबांना त्या दिवशी एकट्यालाच सांगितलं होतं. तू शिक्का आणायला गेलीस तेव्हा. म्हणाले, पथ्याने फार तर सहा महिन्यांचा फरक पडेल. जास्त नाही. बाबा म्हणतात सहा महिन्यांसाठी..." आणि ती थांबली. पुढचं वाक्य बापाचं असावं आणि ते आईसमोर बोलण्यासारखं नसावं. तिनेच ते मनात पुरं करून पाहिलं. सहा महिन्यांसाठी वांगी खात बसू का? किंवा, सहा महिन्यांसाठी तिचं मन मोडू का? दोन्ही त्याच्या तोंडी शोभत होती. ती कुठल्या वाक्यावर चिडणार होती हे तिला कळेना. "कांदा पुरे," ती म्हणाली. "आणि मला कळलंय हे बोलू नकोस."

सहा महिने. त्या आठवड्यात तिने ते नाना तऱ्हांनी उलटून-पालटून पाहिले. सहा महिने म्हणजे एक हिवाळा आणि त्याला लागून थोडं. त्यातले किती गेले, किती त्या खाणावळीत गेले आणि किती तिच्या स्वतःच्या हाताने गेले, कारण मांसावर मसूर, मसुरावर वांगी आणि वर तिचा आग्रह, आणखी एक घ्या, एकच, माझ्यासाठी. आणि त्याने घेतला होता, दर वेळी. तो पाठीवर निजला की छातीत काहीतरी अडखळल्यासारखं करून उठून बसायचा, ते बुधवारी आणि शनिवारी जास्त असायचं, हे तिच्या ध्यानात आलं होतं. तिने त्याचा संबंध फिरण्याशी लावला होता. थकतात, असं म्हणाली होती. आता ते सांगून टाकावं, एकदा मोठ्याने बोलून टाकावं, तुमचं तुम्ही जेवून या, मी नाही रांधत, असं तिला पायऱ्या चढताना वाटे आणि दार उघडताना वाटेनासं होई. सांगितलं तर तो खाणावळ सोडील. तिच्या समोर बसून निमूट जेवेल, औषध घेतल्यासारखा, आणि तसं जेवता जेवता एक दिवस जाईल. नाही सांगितलं तर तो हसत हसत लवकर जाईल. तिसरं काही नव्हतं. तिने खूप शोधलं, पण नव्हतं. एक दुपार तर ती सुट्टीत उठून डेपोमागे गेलीसुद्धा. खाणावळ बंद होती. काचेतून उलटी ठेवलेली बाकं दिसली, ओली फरशी दिसली, आणि दाराच्या फटीतून तो वास आला, सासूबाईंच्या पातेल्याचा. तिला इतकी भूक लागली की भिंतीला हात टेकावा लागला. आपल्यालाही कुणीतरी विचारायला हवं होतं, असं तिला तिथे उभं असताना वाटलं, आणि त्याची तिला लाज वाटली नाही.

बुधवार आला. तिने मसूर भिजवताना नेहमीचं माप घेतलं, हातात धरलं, आणि त्यातलं निम्मं परत बरणीत ओतलं. मशरूम निम्मे. एक वांगं. जड पातेलं काढलंच नाही, लहान कढईत भागलं. करताना मात्र तिने काही कसर केली नाही. तवा दाबला, कडा काळपट होऊ दिल्या, कांद्यापाशी उभी राहिली. आठाच्या सुमाराला जिन्यात तिघांची पावलं वाजली. नवऱ्याची दुसऱ्या मजल्यावर थांबली, मग पुन्हा वाजली. "वहिनी, काय चाललो आज, विचारू नका," दीर दारातूनच म्हणाला, "दादा तर तरुणाला लाजवेल." नवऱ्याच्या तोंडावर ती तकाकी होती आणि ओठ निळसर होते. तिने पाणी दिलं, बाह्यांकडे पाहिलं नाही, आणि ताटं मांडली. प्रत्येकाला दोन गोळे, एक चकती आणि चमचाभर रस्सा. ताट मोकळं मोकळं दिसत होतं.

मुलगी खाली मान घालून बसली होती. नवरा ताटाकडे बघत राहिला, मग कढईकडे, तीही रिकामी होती. "आज कमी केलंस?" त्याने विचारलं.

"मसूर संपले होते," ती म्हणाली.

मसुराची बरणी त्याच्या डोक्यामागच्या फळीवर होती, काचेची, गळ्यापर्यंत भरलेली. त्याने मागे वळून पाहिलं. बराच वेळ तो तसाच वळलेला राहिला, आणि वळताना ताणलेली त्याची मान तिला एकदम म्हाताऱ्या माणसाची वाटली. मग तो समोर झाला. त्याने गोळा फोडला आणि सावकाश खाल्ला. घास खाली उतरतो आहे, वर येत नाही, हे तिला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं, आणि ह्यापूर्वी कधी तो तसा उतरला नव्हता हेही कळलं. दिराने आपलं ताट पुसून खाल्लं आणि पाणी प्यायच्या निमित्ताने उठून गेला.

"पुढच्या बुधवारी तू पण चल आमच्याबरोबर," नवरा म्हणाला. तिच्याकडे बघून म्हणाला नाही, ताटाच्या कडेला बोलला.

तो वास तिला पुन्हा आला. चौघं एका बाकावर, हाडं, रस्सा, म्हातारीची आठवण काढून हसणं. जावं असं तिला वाटलं. मग त्या घरात त्याच्या त्या सहा महिन्यांसाठी रांधणारं कुणीच राहिलं नसतं, खोटं खोटंसुद्धा नाही. "नको," ती म्हणाली. "तुम्ही जाऊन या. मी बेताचं करून ठेवीन."

त्याने मान हलवली. उरलेल्या अर्ध्या चकतीने त्याने ताटातला रस्सा निपटून घेतला, आणि आज पुन्हा वाढायला काही नव्हतं तरी ताट किंचित पुढे सरकवलं, नेहमी सरकवायचा तसं.

"थोडंच कर," तो म्हणाला. "पण करत जा."

ती हो म्हणाली आणि त्याचं ताट उचललं.